अडीच हजारांत पहिला मेकॅनिकल कीबोर्ड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी घरी बसून टंकलेखनाची कामे घेते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांकडची प्रतिज्ञापत्रे, कधी एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल असे काम असते आणि मराठी मजकूर मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीसाठीच्या कळांच्या ठरलेल्या मांडणीवर, टाइप करते. संगणकासोबत आलेल्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत आणि स्पेसबार डाव्या टोकाला दाबला, तर दोन शब्दांत जागाच सुटत नाही. मी मूळची टाइपरायटरवर शिकलेली, त्यामुळे मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा असे फार दिवसांपासून मनात आहे. सीताबर्डीतील एका दुकानदाराने ‘ब्लू स्विचचा घ्या’ असे सांगितले. मुलाचा आग्रह रंगीत दिव्यांच्या, साठ टक्के आकाराच्या छोट्या कीबोर्डसाठी आहे. आमचे घर दोन खोल्यांचे आहे, माझे काम रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होते आणि त्याच खोलीत सासूबाई झोपतात. अडीच हजारांच्या वर जाणे मला शक्य नाही. काय घ्यावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, अडीच हजारांत आपल्या कामाचा कीबोर्ड नक्की मिळेल, मात्र त्यासाठी दुकानदाराचा सल्ला आणि मुलाचा आग्रह हे दोन्ही बाजूला ठेवावे लागतील. आपल्याला ८७ कळांचा, वायर असलेला, ब्राउन स्विचचा आणि शक्यतो स्विच काढून बदलता येईल असा कीबोर्ड हवा आहे. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात आयत्या वेळी हेच मॉडेल संपलेले असेल, तर दुसरे निवडताना कारणे ठाऊक असणे उपयोगी पडेल.

आपल्या सध्याच्या साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली रबराचा एक लहान घुमट असतो आणि त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे एकावर एक अंथरलेले असतात. कळ पूर्ण तळापर्यंत दाबली, की पडद्यांवरचे विद्युतमार्ग एकमेकांना चिकटतात आणि अक्षर उमटते. रबर कालांतराने कडक होते किंवा चिरते, आणि मग एकेक कळ जोर लावून दाबावी लागते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा स्वतंत्र स्विच असतो; त्यात एक स्प्रिंग, वर-खाली सरकणारा प्लॅस्टिकचा दांडा आणि धातूच्या दोन पात्या असतात. नेहमीच्या रचनेत कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर मात्र सुमारे २ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेतच उमटते. रोज तासन्‌तास टाइप करणाऱ्याच्या बोटांना जो आराम मिळतो तो या अर्ध्या वाटेमुळे. टाइपरायटरवर घडलेला हात कळ तळापर्यंत ठोकतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस आपल्याला फारसा फरक जाणवणार नाही. हात हळूहळू हलका होत जाईल, तसा तो जाणवू लागेल.

आता रंगांविषयी. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्विचांचा मूळ आराखडा चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या ‘एमएक्स’ मालिकेचा आहे. त्याच्या पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यानंतर गॅटेरॉन, केल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांचे त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर वापरात आले, आणि मेकॅनिकल कीबोर्ड आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडू लागला तो त्यामुळेच. रंगांची नावेही चेरीकडूनच रूढ झाली. रेड स्विच सरळ खाली जातो, मध्ये काहीही अडत नाही. ब्राउनमध्ये अक्षर उमटण्याच्या आसपास बोटाला एक हलकासा अडथळा जाणवतो. ब्लूमध्ये तो अडथळा ठळक असतो आणि त्याच्या जोडीला प्रत्येक वेळी स्पष्ट ‘टिक’ असा आवाज येतो.

टाइपरायटरवर शिकलेल्या व्यक्तीला ब्लू आवडेल, हा दुकानदाराचा अंदाज बरोबर आहे. दिवसा, स्वतंत्र खोलीत काम असते, तर मीही तोच सुचवला असता. परंतु रात्री साडेदहाला, झोपलेल्या माणसापासून चार-पाच हातांवर बसून शंभर पानांचा प्रबंध टाइप करताना ब्लू स्विच घरातल्यांना सोसवणार नाही. आवाज कमी व्हावा म्हणून कीकॅपच्या, म्हणजे कळीवरच्या अक्षराच्या टोपीच्या, आत रबराच्या बारीक चकत्या बसवतात. त्या कळ तळाला आपटण्याचा आवाज कमी करतात. ब्लूचा ‘टिक’ मात्र स्विचच्या आतल्या भागात तयार होतो, त्यामुळे त्या चकत्यांनी तो जात नाही. सासूबाईंची झोप जपायची असेल, तर ब्लूचा विचार सोडूनच द्यावा.

उरले रेड आणि ब्राउन. कीबोर्डविषयीचे बहुतेक सल्ले इंग्रजी टाइप करणारे किंवा गेम खेळणारे लोक देतात आणि मराठी टंकलेखकाचा हात त्यांच्या विचारात नसतो, म्हणून इथे थोडे थांबतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हे बहुतांशी डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. क, ग, द, ज, च ही अक्षरे साध्या कळीने उमटतात, तर त्याच कळांवरची ख, घ, ध, झ, छ ही अक्षरे शिफ्ट धरून काढावी लागतात. भ, फ, थ, ठ, ढ, श, ष आणि ळ यांनाही शिफ्ट लागतोच. ‘शाळा’ हा साधा शब्द घ्या : ‘एम’च्या कळीवर शिफ्टसह श, मग काना, मग ‘एन’च्या कळीवर शिफ्टसह ळ, पुन्हा काना, चार ठोक्यांत दोनदा शिफ्ट. ‘भाषा’ शब्दाचेही तेच. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांना लागतो. मराठीत तो ओळीओळीत लागतो. त्यातही उजव्या हाताचे अक्षर असेल, तर शिफ्ट डाव्या हाताने धरायचा हा टंकलेखनाचा नियम असल्यामुळे या सगळ्याचा भार डाव्या करंगळीवर पडतो. रात्री काम संपवून उठताना आपली डावी करंगळी आणि मनगटाची तीच बाजू अवघडत असेल, तर त्याचे एक कारण हे असू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे स्प्रिंग हलकी हवी. चेरीच्या मोजमापानुसार रेड सुमारे ४५ ग्रॅमच्या दाबाने उमटतो, ब्राउनला त्याहून किंचित अधिक आणि ब्लूला आणखी अधिक दाब लागतो. इतर कंपन्यांचे आकडे थोडे मागेपुढे असले, तरी क्रम साधारण हाच राहतो. ब्लॅक नावाचा स्विच रेडसारखाच सरळ जाणारा असतो, पण बराच कडक असतो. स्वस्त मिळाला तरी आपण तो घेऊ नये. दुसरी गोष्ट अशी, की डावीकडचा शिफ्ट लांब आणि अखंड असावा. काही कीबोर्डवर त्याचे दोन तुकडे करून मध्ये एक जादा कळ घातलेली असते. तिथे करंगळी दर दोन ओळींनी चुकते.

वजनाच्या दृष्टीने रेड उत्तम, तरीही आपल्यासाठी मी ब्राउनला पहिली पसंती देतो. कळांवर बोटे टेकवून विचार करण्याची सवय टाइपरायटरवाल्यांना असते, कारण तिथे नुसत्या टेकण्याने काही उमटत नाही. रेडवर मात्र बोट जरा जड पडले, की नको ते अक्षर उमटते आणि प्रतिज्ञापत्रात असे एक अक्षर फार महागात पडू शकते. ब्राउनचा हलका अडथळा तेवढी राखण करतो. स्वस्त कीबोर्डमधील ब्राउनचा अडथळा कधी कधी इतका पुसट असतो, की तो रेडसारखाच वाटतो. म्हणून हात लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ब्राउन मिळालाच नाही, तर रेड घ्यावा. आवाज या दोघांचाही होतो, तो कळ तळाला आपटल्याचा. कीबोर्डखाली जुन्या सतरंजीची जाडसर घडी किंवा रबरी मॅट घातली, तर त्याचा घुमणारा भाग बराच कमी होतो.

आकाराबाबत मुलाची समजूत काढावी लागेल. साठ टक्के आकाराच्या कीबोर्डवर ६१ कळा असतात. त्यात बाणांच्या कळा नाहीत, एफ-१ ते एफ-१२ ची ओळ नाही, होम, एंड आणि डिलीटही नाही. हे सगळे ‘एफएन’ नावाच्या कळीसोबत दुसरी कळ दाबून काढावे लागते. गेम खेळणाऱ्याला माउससाठी टेबलावर जागा हवी असते, त्याला तो सोयीचा आहे. प्रबंधाच्या दुरुस्त्या करताना आपण ओळीच्या शेवटी जाणे, एक शब्द मागे येणे, पुढचे अक्षर खोडणे ही कामे सतत करता. त्या प्रत्येक वेळी दोन कळा दाबायच्या, हे वेळ आणि पैसा दोन्ही खाणारे आहे. ८७ कळांच्या कीबोर्डमध्ये उजवीकडचा आकड्यांचा भाग तेवढा नसतो, बाकी सर्व आपल्या सवयीच्या जागी असते. अहवालांत आकड्यांचे तक्ते फार येत असतील, तरच १०४ कळांचा पूर्ण कीबोर्ड पाहावा.

स्विच बदलता येण्याच्या सोयीला बाजारात ‘हॉट-स्वॅप’ म्हणतात. साध्या रचनेत स्विच आतल्या सर्किटच्या पट्टीवर डाग देऊन (सोल्डरने) पक्के केलेले असतात, त्यामुळे एक जरी बिघडला तरी डाग काढणारा कारागीर शोधावा लागतो. हॉट-स्वॅपमध्ये चिमट्याने जुना स्विच ओढून नवा बसवता येतो, आणि आपल्यासारख्या कामावर पोट असणाऱ्यांसाठी ही सोय दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाची आहे. फक्त एक गोष्ट विचारून घ्यावी : काही स्वस्त कीबोर्डची भोके इतकी बारीक असतात, की त्यात बारीक पायांचे आउटेमू स्विचच बसतात. तो दोष म्हणता येणार नाही, पण सुटे स्विच घेताना ते लक्षात ठेवावे लागते.

कीकॅपचे प्लॅस्टिक दोन प्रकारचे असते. एबीएस काही महिन्यांत बोटांच्या घासण्याने गुळगुळीत व चकचकीत होते. पीबीटी अधिक टिकते. या किमतीत बहुधा एबीएसच मिळेल आणि त्याने काही बिघडत नाही. अक्षर मात्र ‘डबल-शॉट’ पद्धतीचे, म्हणजे दुसऱ्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्येच ओतलेले असावे, म्हणजे ते पुसले जात नाही. या किमतीच्या मेकॅनिकल कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली सहसा मिळत नाहीत, पण आपण न पाहता टाइप करत असणार, त्यामुळे आपल्याला त्याची अडचण नसावी.

आपल्याकडे रेडरॅगन, कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स, झेब्रॉनिक्स यांचे मेकॅनिकल कीबोर्ड सहज पाहायला मिळतात. रेडरॅगनचा ‘के ५५२’ हा ८७ कळांचा कीबोर्ड बऱ्याच जणांचा पहिला कीबोर्ड ठरलेला आहे. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या रंगांचे स्विच येतात, म्हणून मॉडेलच्या नावासोबत खोक्यावर लिहिलेला स्विचचा रंगही वाचावा. ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी-मेकॅनिकल’ असे लिहिले असेल, तर आत रबराचे घुमटच आहेत असे समजावे. हजार रुपयांच्या आत नवा मेकॅनिकल कीबोर्ड मिळत असल्याचे कोणी सांगितले, तर एक कीकॅप उपसून दाखवायला सांगावे. खाली रंगीत दांडा असलेला, चौकोनी डबीसारखा सुटा स्विच दिसला पाहिजे. नुसत्या अधिकच्या चिन्हासारख्या दांड्यावर विसंबू नये, कारण तसा दांडा रबरी घुमटांच्या कीबोर्डमध्येही ठेवलेला आढळतो.

बर्डीला जाल, तेव्हा शक्य असल्यास दुपारी जा. संध्याकाळच्या गर्दीत कोणी दहा मिनिटे कीबोर्ड हाताळू देत नाही. दुकानातल्या संगणकाला तो जोडून एक मराठी परिच्छेद टाइप करून पाहावा आणि प्रत्येक कळ एकदा तरी दाबावी. स्पेसबार मध्यभागी, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला असा तीन ठिकाणी दाबावा. लांब कळांखाली तारेचा एक आधार असतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. त्याच्यामुळे कळ कुठेही दाबली तरी सरळ खाली जाते. हा आधार ढिला असेल, तर स्पेसबार, एंटर आणि डावा शिफ्ट खडखडतात. थोडी खडखड स्वस्त कीबोर्डमध्ये चालवून घ्यावी, पण टोकाला दाबल्यावर कळ अडकत असेल, तर दुसरा नग मागावा. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेल व खरेदीची तारीख स्पष्ट लिहून घ्यावी. वॉरंटीचे काम त्याशिवाय होत नाही.

आणखी एक सांगतो, ते खर्चाचे नाही. मेकॅनिकल कीबोर्ड साध्यापेक्षा उंच असतो आणि मनगट वर वाकवून टाइप केल्यास दुखते. मागचे पाय मिटवूनच ठेवावेत. त्याने भागले नाही, तर कीबोर्डच्या लांबीची, त्याच्या पुढच्या कडेइतक्या उंचीची एक लाकडी पट्टी सुताराकडून रंधा मारून घ्यावी आणि थांबताना तळहात तिच्यावर टेकवावेत. टाइप करताना कोपर साधारण काटकोनात राहील इतकी खुर्ची वर घ्यावी. पाय अधांतरी राहत असतील, तर खाली पाट ठेवावा.

प्रश्न : मी मराठी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाच्या शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करत आहे. संस्थेतील एक मित्र म्हणतो, की मेकॅनिकल कीबोर्ड घेतला की वेग आपोआप वाढतो. वडिलांकडे दोन हजार रुपये मागावेत का?
— एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : परीक्षेपूर्वी मागू नयेत. परीक्षेला आपला कीबोर्ड नेता येणार नाही. केंद्रावर जो असेल त्यावरच बसावे लागेल आणि तो बहुधा साधा रबरी घुमटांचाच असेल. घरी हलक्या कळांवर हात बसला आणि परीक्षेत जड कळा समोर आल्या, तर पहिल्या मिनिटातच अक्षरे गळू लागतात. वेग वाढतो तो न पाहता टाइप केल्याने आणि चुका कमी झाल्याने. आपण लिपिक-टंकलेखक पदाचा विचार करत असाल, तर तिथे मराठीसाठी ३० किंवा इंग्रजीसाठी ४० शब्द प्रतिमिनिट अशी अर्हता असते, म्हणजे आपण तयारी करत असलेला वेग त्याहून वरचाच आहे. संस्थेत मिळणारा वेळ वाढवून घ्यावा आणि दर वेळी वेगळ्या संगणकावर बसावे. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशांतून हवा तो कीबोर्ड घ्या.

प्रश्न : इतवारीत आमचे घाऊक विक्रीचे दुकान आहे. दिवसभर टॅलीमध्ये नोंदी होतात. ८७ कळांचा कीबोर्ड चालेल का?
— एक व्यापारी वाचक, नागपूर

उत्तर : चालणार नाही. आपले निम्मे काम उजवीकडच्या आकड्यांवर होते, त्यामुळे १०४ कळांचाच घ्यावा. दुकानात ग्राहकांची वर्दळ असल्याने ब्लू स्विचच्या आवाजाची अडचण नाही, उलट प्रत्येक आकडा उमटल्याचे कानाला कळते. घरचा ८७ कळांचा कीबोर्ड आधीच पडून असेल, तर आकड्यांची सुटी पट्टीही मिळते. ती यूएसबीने जोडून काम भागवता येईल.

प्रश्न : माझ्या मेकॅनिकल कीबोर्डवर उन्हाळ्यापासून ‘ई’ची कळ एकदा दाबली, की दोनदा उमटते, त्यामुळे मराठीत प्रत्येक काना दुहेरी पडतो. टेबल खिडकीतील कूलरच्या समोर आहे. कीबोर्ड टाकून द्यावा लागेल का?
— एक वाचक, जरीपटका, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. इनस्क्रिप्टमध्ये काना ‘ई’च्या कळीवर आहे, म्हणजे मराठीतील सर्वाधिक राबणाऱ्या कळांपैकी ती एक. स्विचमधील धातूच्या पात्यांवर धूळ किंवा गंज चढला, की संपर्क थरथरतो आणि एका दाबाचे दोन ठोके मोजले जातात. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसणे शक्य नाही, हे मान्य. पण कूलरचा झोत थेट कीबोर्डवर येत असेल, तर त्यासोबत दमट हवा, बारीक तुषार आणि जाळीतून सुटलेली धूळ असे सगळेच आत जाते. टेबल झोताच्या रेषेतून बाजूला घ्यावे आणि काम संपल्यावर कीबोर्डवर सुती कापड टाकावे.

दुरुस्तीसाठी आधी वायर काढावी. कीकॅप उपसून मऊ ब्रशने धूळ झाडावी, कीबोर्ड उलटा धरून हलके थोपटावे. मग स्विचचा दांडा खाली दाबून धरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब आत सोडावेत, तो दांडा वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावा आणि पूर्ण वाळेपर्यंत कीबोर्ड जोडू नये. पाणी किंवा खोबरेल तेल वापरू नये. तेलावर धूळ आणखी चिकटते. एवढे करूनही काना दुहेरी पडत राहिला आणि कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, तर ‘पॉज’ किंवा ‘स्क्रोल लॉक’ यांसारख्या कधीही न लागणाऱ्या कळीचा स्विच काढून ‘ई’च्या जागी बसवावा आणि ‘ई’चा तिकडे. काढताना चिमटा वरच्या व खालच्या खाचेत सरळ लावावा. बसवताना दोन्ही पाय सरळ असल्याची खात्री करून, सर्किटच्या पट्टीला खालून बोटाचा आधार देऊन मगच दाबावे, कारण वाकलेला पाय तसाच रेटला तर खालचा सॉकेट उखडतो.